शालनआक्काचं मशीन

समोरचा माणूस पासवर्ड टाकायला लागला की शालनआक्का मान वळवायच्या. नुसती नजर बाजूला करायच्या नाहीत. खुर्चीसकट खिडकीकडं फिरायच्या आणि बाहेर दुधाचे टँकर धूत असायचे तिकडं बघत बसायच्या. "झालं का?" विचारायच्या, आणि "झालं" म्हटल्यावरच परत फिरायच्या. यातली गंमत अशी, की संघातल्या निम्म्याअधिक लोकांचे पासवर्ड त्यांच्याच मशीनमध्ये ठेवलेले होते.

आमचा दूध संघ सांगलीजवळचा. नाव लिहीत नाही, कळणाऱ्यांना कळेल. मी कराडच्या शेजारच्या मलकापूरचा. शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी मला तिथं लागली, संगणक विभागात, आक्कांच्या हाताखाली. विभाग म्हणजे एक खोली, सदा धापा टाकणारा एक एसी, आणि आक्का. उंचीनं बेताच्या, रंगानं सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. साडीला पिन अशी नेटकी लावलेली, जणू रोज कुणीतरी तपासणीला येणार आहे. नवरा लष्करात सुभेदार. त्यामुळं ती तपासणी अगदीच खोटी नव्हती.

आज मी पुण्यातल्या एका कंपनीत आहे. आमचं काम चोराचं, फक्त मालकाची लेखी परवानगी घेऊन करायचं. बँका, कारखाने, संघ आम्हाला बोलावतात. आम्ही त्यांच्या संगणकांत शिरून दाखवतो आणि कुठून शिरलो ते लिहून देतो. मशीननं कुलपात जपून ठेवलेले पासवर्ड बाहेर काढणं, ही त्यातली माझी हातोटी. आक्कांच्या मशीनमधून मी काय काढलं आणि नंतर काय लपवलं, हे मी घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. इथं सांगणार आहे. पण आधी आक्का कशा होत्या ते सांगतो, नाहीतर नुसती माझीच रड होईल.

पासवर्ड ठेवायची चाल त्यांच्याकडं आपोआप आली. वरून हुकूम निघाला, की दर थोड्या दिवसांनी प्रत्येकानं पासवर्ड बदलायचा. संघातली जुनी माणसं हातानं हिशेब लिहून म्हातारी झालेली. बदलायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मग खोलीच्या दारात उभी राहायची, चप्पल बाहेर काढून, देवळात आल्यासारखी.

"आक्का, पुन्यांदा गेला बगा डोक्यातनं."

"या. हितं बसा. नवा टाका, आन् हे इचारतंय न्हवं, 'जपून ठेवू का', त्याला व्हय म्हणा."

एवढं बोलून त्या खिडकीकडं फिरायच्या. आमच्याकडं शेजारणीकडं घराची किल्ली ठेवून शेताला जायची पद्धत आहे. शेजारीण ती खुंटीला अडकवते, घरात शिरत नाही. लोकांनी पासवर्डचं तेच केलं आणि आक्कांनी खुंटीचं काम केलं. अध्यक्ष मुंबईला अडकले की फोन यायचा, आक्का त्यांचं खातं उघडायच्या, सांगितलेलं एवढंच करायच्या आणि बंद करायच्या. त्यांना एकही पासवर्ड पाठ नव्हता.

"मशीनला इसरायला येत न्हाई," त्या म्हणायच्या. "आपल्याला येतं. ते बरं हाय."

मी रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील. एका दुपारी माझ्या हातून त्या दिवसाच्या सकाळच्या दूध संकलनाची सगळी नोंद पुसली गेली. गावोगावच्या सोसायट्यांचे आकडे, सगळे. आक्कांनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फोन ओढून घेतला. एकेका सोसायटीला लावला. "आकडं परत सांगा भाऊ. व्हय, हितं गोंधळ झालाय. माझ्याकडनं." त्या ऐकत गेल्या, मी टाकत गेलो. मॅनेजर आत आले तेव्हा म्हणाल्या, "लाईट गेलती सायब." लाईट गेलेली नव्हती, आणि मॅनेजरांनाही ते माहीत होतं. त्यांनी खोलीतल्या चालू पंख्याकडं एकदा बघितलं आणि निघून गेले.

त्याबद्दल पुढं त्या मला कधी बोलल्या नाहीत. ताकाचा तांब्या पुढं सरकवून एवढंच म्हणाल्या, "संतोषा, हात थरथरत असला तर कीबोर्डावर ठिवू नये."

संघात ताकाला तोटा नव्हता. आक्कांचा ताकाचा तांब्या दिवसभर टेबलाखाली असायचा, मशीनपासून हातभर लांब. त्या तांब्यावर कदमांचा डोळा. कदम म्हणजे आमचे हिशेबनीस, ढेरपोटे, तोंडानं फटकळ. "आक्का, संघाचं ताक तुमी एकल्याच संपवताय, म्हणून तोट्यात हाय आपला धंदा." आक्का त्यांच्या पेल्यात ताक ओतत म्हणायच्या, "मग तुमी पिऊ नगा. तेवडाच नफा."

प्रतापला मी तिथंच पाहिलं. आक्कांचा एकुलता एक. कॉलेजचे अर्ज भरायला आईच्या मशीनवर येऊन बसायचा. उंच, अबोल, बापाच्या वळणावर गेलेला. त्यानं तिथंच आपलं मेलचं खातं उघडलं, आणि मशीननं 'जपून ठेवू का' विचारल्यावर सगळ्यांसारखंच हो म्हटलं. आक्का अर्थात खिडकीकडं फिरलेल्या.

मी पुण्याला गेलो. मागं घडलेलं कानावर येत राहिलं. प्रताप कॅनडात गेला, तिथं त्यानं लग्न केलं. मुलगी आपल्यातली नाही म्हणून सुभेदारांनी दार बंद केलं. प्रतापनंही मग फोन बंद केला. दोघं एकाच मातीचे. पुढं सुभेदारांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. माधवनगरच्या घरात पुढच्या पडवीत त्यांची खुर्ची, आत स्वयंपाकघरात आक्का. सुभेदार आधीच मोजकं बोलणारे. कदम म्हणायचे, "त्या घरात भिताडं जास्त बोलत्यात."

मग काही वर्षांनी संघानं आमच्या कंपनीला सुरक्षेची तपासणी करायला बोलावलं. माझं जुनं ठिकाण म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. मलाही जायचंच होतं. मोठा होऊन परत जाण्यात एक चव असते, ती मला घ्यायची होती. खोटं कशाला बोलू.

आक्का निवृत्तीला टेकल्या होत्या. नवा चष्मा लावलेला. "चष्मा कवा लागला आक्का?" म्हटलं, तर हसल्या. "लागलावता कवाच. घेतला आत्ता. घरनं हुकूम आला." त्या हसण्यात काहीतरी लपवलेलं सुख होतं. तेव्हा मला कळलं नाही.

दुपारी म्हटलं, "आक्का, तुमचं मशीन बघायचंय. जरा चालू करून द्या की." त्यांनी आपला पासवर्ड टाकला. मी मान वळवली नाही, पण पाहिलंही नाही. त्याची गरजच नव्हती. मशीनमधले जपलेले पासवर्ड कुलपात असतात हे खरं, पण ते कुलूप मालकाच्या नावावर उघडतं. मालकानं एकदा मशीन चालू करून दिलं, की त्या खुर्चीवर कोण बसलाय हे कुलूप विचारत नाही. आक्का उठल्या. "बस तू. ताक आणते." त्या ताक घेऊन येईपर्यंत माझं काम झालं होतं. माझ्या रिपोर्टात त्याचं वाक्य असं आहे: 'हल्लेखोरास मशीनचा ताबा मिळाल्यास सर्व पासवर्ड उघड होतात.' हल्लेखोरानं ते ताक पिऊन घेतलं, हे रिपोर्टात नाही.

यादी लांबलचक होती. खात्याचं नाव, माणसाचं नाव, आणि पुढं उघडानागडा पासवर्ड. वरून तिसरी ओळ प्रतापच्या खात्याची. शेवटचा वापर, आज सकाळी.

मी त्या ओळीशी थबकलो, कारण त्याच दिवशी चहाला संचालक जयवंतराव भेटले होते. ते सुभेदारांचे चुलतभाऊ, आक्कांचे दीर. मिशी पिळत मला म्हणाले होते, "पोरगं सुधारलं बरं का. दादास्नी मेल लिवतंय आता दर आठवड्याला. दादा बी मोबाईलवर बोलून धाडत्यात त्याला. मानूस बदललाय, खुर्चीत ताठ बसतोय." आता माझ्यापुढं ती ओळ होती. मेल कॅनडातून येत नव्हते. ते या खोलीतून जात होते.

आमच्या कामात एक शिस्त आहे. पासवर्ड बैठकीत दाखवताना पहिली दोन अक्षरं ठेवायची, बाकीच्यावर पट्टी. खाजगी खातं असेल तर सगळी ओळ झाकायची. मी त्या संध्याकाळी चित्रं तयार केली आणि प्रतापची ओळ काळ्या पट्टीखाली घातली. म्हणजे मला कळत होतं. काय झाकायचं आणि का, हे मला पुरतं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक. अध्यक्ष, संचालक, मॅनेजर, कदम. विभागप्रमुख म्हणून आक्काही, खिडकीजवळच्या खुर्चीत. मी भिंतीवर चित्र दाखवलं. जयवंतरावांनी खुर्ची मागं रेलली.

"आवं पुण्याचं सायेब, ह्ये काय हाय? काळ्या पट्ट्या?"

"पासवर्ड झाकलेत. पण सगळे मिळाले आहेत."

"कशावरनं? असली चित्रं घरी बसून माझा नातू बी काढील."

हशा झाला. अध्यक्षही हसले. "न्हाई म्हंजी, पैसं देतोय आपन," जयवंतराव म्हणाले, "खरं असलं तर आमच्या म्होरं करून दाव की गड्या. का येत न्हाई?"

नाही म्हणता आलं असतं. 'आमच्या नियमात बसत नाही' एवढं वाक्य पुरलं असतं, आणि ते खरंही होतं. पण याच इमारतीत कधी काळी माझे हात थरथरले होते, आणि इथली माणसं मला अजून तेच पोर समजत होती. आक्कांचं मशीन शेजारच्याच खोलीत चालू होतं. मी वायर जोडली. यादी सरळ भिंतीवर आली, पट्टीबिट्टी काही नाही.

आधी नुसती गंमत झाली. अध्यक्षांचा पासवर्ड त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीच्या नावाचा निघाला. कदमांचा पासवर्ड म्हणजे मॅनेजरला दिलेली एक अस्सल शिवी होती, आकड्यांसकट. मॅनेजर ती मोठ्यानं वाचून बसले आणि मग त्यांना कळलं. टेबलं बडवून लोक हसत होते. आक्का एकट्या हसत नव्हत्या. भिंतीवर पासवर्ड आल्याबरोबर त्या सवयीनं खिडकीकडं फिरल्या होत्या. त्यांची पाठ आमच्याकडं होती.

मग जयवंतरावांनी तिसरी ओळ वाचली. नाव मोठ्यानं, पासवर्डही मोठ्यानं. आणि थांबले.

"वैनी, प्रतापचं खातं तुमच्या मशीनवर कसं?"

आक्का फिरल्या नाहीत.

"आन् काल सकाळी उघडलंय म्हणतंय ह्ये. त्यो तर तिकडं हाय."

हशा विरत गेला. टँकर धुण्याचं पाणी बाहेर पडत होतं, तेवढं ऐकू यायला लागलं.

"म्हंजी दादास्नी येत्यात ते मेल..."

"मी लिवते," आक्का म्हणाल्या. आता त्या फिरल्या. चेहरा कोरडा होता. "त्यो लिवत न्हाई म्हणून मी लिवते."

"आजारी माणसाला फशिवताय?"

"तुमी कवा बसलाय का भाऊजी त्येंच्याजवळ? सांजभर? मी बसते. दोघं बी गप."

अध्यक्ष म्हणाले, "विषय बंद करा." पण जयवंतराव संध्याकाळी माधवनगरला गेले आणि सुभेदारांना सांगून आले. भावकीला असल्या कामाला उशीर होत नाही.

आक्कांची बदली मालाच्या गोदामात झाली. सगळ्यांनी पासवर्ड बदलावेत आणि ते मशीन पूर्ण पुसावं, अशी शिफारस माझीच होती, आणि पुसलंही मीच. आक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पडदा काळा झाला.

"पुसलंस का समदं?"

"व्हय आक्का."

"प्रतापचं कुठं ऱ्हायलंय का?" हे त्यांनी फार हळू विचारलं.

त्यांना तो पासवर्ड माहीत नव्हता. कधीच नव्हता. मशीन उघडायचं म्हणून त्या आत जायच्या. आदल्या दिवशी तो भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत आला, जयवंतरावांनी वाचलाही. पण त्या खिडकीकडं बघत होत्या, आणि अक्षरं न् आकडे एकदा ऐकून कुणाच्या ध्यानात राहतात? माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र सगळी यादी पुरावा म्हणून उतरवलेली होती. काम संपल्यावर ती नष्ट करतो असं आम्ही सही करून देतो. आहे म्हटलं असतं, तर यादी सोबत नेतोय हे कबूल करावं लागलं असतं.

"न्हाई आक्का," मी म्हणालो. "कुठं न्हाई ऱ्हायलं."

"बरं," म्हणाल्या, आणि तांब्या उचलून गोदामाकडं गेल्या.

पुण्याला परतल्यावर मी यादी नष्ट केली नाही. लोकांनी पासवर्ड खरंच बदलले का हे पाहणं कामाचाच भाग आहे, असं स्वतःला सांगत एकेक खातं तपासलं. आणि मग प्रतापचंही टाकून पाहिलं, जे कुठल्याच कामाचा भाग नव्हतं. उघडलं.

आत सुभेदारांचे आवाज होते. हात चालत नव्हता म्हणून ते मोबाइलवर बोलायचे आणि ते बोलणं मुलाच्या मेलवर जायचं. ही सोय आक्कांनीच लावून दिलेली. फोन भरू नये म्हणून, पाठवलं की फोनवरून पुसलं जाईल अशीही. मी एक ऐकला. मग दुसरा. मग सगळे ऐकले.

जड, ओढलेला आवाज. मागं भाकरी थापल्याचा आवाज. सुभेदार लष्करात वायरलेसवर होते, त्यामुळं प्रत्येक बोलण्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायचे. माझं संपलं, आता तू बोल. आणि बोलायचे ते जवळजवळ सगळं आक्कांबद्दल. "तुजी आई आज पायरीवर बसून झोपली. म्या उठिवली न्हाई. ओव्हर." "तिला दिसत न्हाई नीट. सुईत दोरा जाईना. चष्मा घ्यायला सांग, माजं ऐकायची न्हाई. ओव्हर." "हात लय चांगला हाय तिचा. भाजीचं म्हणतुय. कवा बोललो न्हाई. ओव्हर."

हे सगळं मुलाला म्हणून बोललेलं, आणि ऐकत होती ती एकटी, संगणकाच्या त्या खोलीत, ताकाच्या तांब्याशेजारी. जन्मभर जे तिला तोंडावर मिळालं नाही ते असं वळसा घालून येत होतं. तो वळसाच मी भिंतीवर मांडला होता.

आणि सगळ्यात वर एक नवं होतं. बैठकीनंतर आलेलं. न ऐकलेलं.

"प्रताप..." मग नुसता श्वास, खूप वेळ. "प्रताप न्हवं. तूच. जयवंता सांगून गेला. राग आलावता मला. आता न्हाई. तू कामाला गेलीयास, घरात कोण न्हाई, म्हणून बोलतुय. समोर मला जमत न्हाई, तुला ठावं हाय. त्यो लिवत न्हाई तर नसू दे. तू लिवत जा. त्याच्या नावानं लिव, न्हाईतर तुज्या. बंद करू नगंस. म्या वाट बगतुय. ओव्हर."

मी फोन उचलला. आक्कांचा नंबर काढला. मग विचार केला, त्या विचारतील, तुला कसं ठावं? मग जयवंतराव विचारतील, मग अध्यक्ष, मग आमचे साहेब. परवानगीबाहेर खातं उघडलं म्हणजे गुन्हा. नोकरी जाईल, नाव जाईल. उद्या करू म्हटलं.

रोज ते खातं उघडून बघायचो. सुभेदारांनी नंतर एकदाच पाठवलं. त्यात शब्द नव्हते. पडवीतला पंखा, कुठंतरी सायकलची घंटा, आणि शेवटी 'ओव्हर'. तेही तोंडातच विरलेलं. थंडीत ते गेले. कदमांनी फोनवर सांगितलं. मी गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं.

त्यानंतर काही वर्षं मी चांगली नोकरी केली. बढती मिळाली. नव्या मुलांना शिकवताना सांगायचो, पट्टी लावल्याशिवाय काही दाखवू नका. फार कडक आहे म्हणतात मला त्या बाबतीत. रात्री झोप लागत नाही असंही नाही. झोप लागते. पण गाडीत, लिफ्टमध्ये, कुठंही दोन माणसं गप्प असली की माझ्या कानात तो पंखा चालू होतो.

गेल्या वर्षी शिरवळला हायवेवर चहाला थांबलो, तर कदम भेटले. निवृत्त झालेले, ढेरी उतरलेली. इकडचं तिकडचं झालं. आक्कांचं विचारलं.

"हायत की. एकल्याच. प्रताप दहाव्याला आलावता, गेला लगीच. आक्कांनी त्याला इचारलं म्हणं, तुज्या जुन्या मेलाचा पासवर्ड काय. त्यो म्हणला, कुणाला आठवतंय आई, बंद बी झालं असंल." कदमांनी बशीत चहा ओतला. "माज्या मंडळीला सांगत हुत्या. म्हणल्या, त्या दिवसापास्नं हे माज्याशी बोललंच न्हाईत. इसवास मोडला त्येंचा माज्यावरचा. तसंच गेले. लय लागलंय त्यास्नी, संतोष."

मी पुण्याकडं निघालो होतो. तिथंच गाडी फिरवली.

माधवनगरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आक्का पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. केस पांढरे, अंबाडा तसाच घट्ट. "ये संतोषा. वाळलास." मी उभाच राहिलो. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो.

"आक्का, त्या दिवशी मी खोटं बोललो. प्रतापचं खातं माझ्याकडं ऱ्हायलं हुतं. आणि त्याची ओळ बैठकीत येणार, हे मला आधीच ठावं हुतं."

त्यांचे हात चालूच होते. "मग?"

"सुभेदारांचा आवाज आलावता त्यावर. तुमच्यासाठी."

हात थांबले. "कवा?"

"त्याच आठवड्यात."

"आन् आज सांगतुयस."

"नोकरी..."

"नोकरीचं नगं सांगू मला."

मी फोन पुढं केला आणि लावलं. त्या ऐकत होत्या. 'वाट बगतुय' आलं तेव्हा त्यांनी मेथीची जुडी परातीत ठेवली, फार सावकाश, फुटणारी वस्तू ठेवावी तशी. संपल्यावर म्हणाल्या, "हे येऊन पडल्यावर दिवाळी झाली आमची. एका ताटात लाडू ठेवून दोघं बसलोवतो. म्या म्हणलं, बोलत न्हाई तर म्या बी कशाला बोलू." मग फोनकडं बोट करून, "अजून हायत का ह्यात?"

"समदे हायत. आधीचे बी."

"तू ऐकलेस?"

"व्हय."

"समदे?"

"व्हय आक्का."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. हात पुढं केला. मी फोन त्यांच्या तळहातावर ठेवला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. खातं उघडंच होतं, आता कुठलाच पासवर्ड लागणार नव्हता.

"जा आता," त्या म्हणाल्या. "चहाचं इचारत न्हाई मी तुला."

आमच्याकडं वैऱ्यालाही चहा विचारतात.

मी फाटक लोटून बाहेर आलो. गाडीचं दार उघडलं आणि आतून परत तो आवाज सुरू झालेला ऐकू आला, जड, थांबत थांबत. वळून पाहिलं. आक्का पडवीत रिकाम्या खुर्चीपुढं उभ्या होत्या, पाठमोऱ्या, फोन खुर्चीच्या हातावर ठेवलेला. पदर कमरेला खोचलेला.

"शेजारी बसलावता न्हवं दिसभर?" त्या ओरडत होत्या. "हितं! ह्याच खुर्चीत! तोंडानं बोलायला काय झालंवतं? कितीदा म्होरनं गेले मी तुमच्या, कितीदा!"

आवाज बोलतच होता. त्या थांबत नव्हत्या, तोही थांबत नव्हता. त्या घरात ती दोघं एकाच वेळी बोलत होती.